संकटकाळचा फोन आणि रांगेचे गणित



काही वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या वीस-बावीस विद्यार्थ्यांना घेऊन मी एका शहराचा नियंत्रण कक्ष पाहण्यास गेलो होतो. आग लागली, अपघात झाला, घरात चोर शिरला, की लोक घाबऱ्या घाबऱ्या ज्या क्रमांकावर फोन करतात, तो फोन जेथे उचलला जातो ती ही खोली. बिनतारी संदेशयंत्रणा कशी चालते हे मुलांना दाखवावे, एवढाच माझा हेतू होता.

आम्ही आत गेलो तेव्हा सहा ऑपरेटर बसलेले होते. दोघे फोनवर बोलत होते, एक जण काही टिपून घेत होता आणि उरलेले तिघे स्वस्थ बसले होते. आमच्यातला एक विद्यार्थी हळू आवाजात, पण सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "सर, निम्मे लोक तर रिकामेच आहेत!"

कक्षाच्या पर्यवेक्षिका बाईंनी ते ऐकले. मला ओशाळल्यासारखे झाले, पण त्या मुळीच रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अरे, ते रिकामे दिसतात तोवरच मला बरे वाटते. सहाच्या सहा बोलताना दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. आता किती जण रिकामे असायला हवेत ते तुमच्या सरांना विचारा. गणित त्यांचे!"

मी विचारले, "तासाला फोन किती येतात?" त्या म्हणाल्या, "या वेळेला साठ धरा." "आणि एका फोनला वेळ?" "सरासरी तीन मिनिटे." मी तिथल्या तिथे हिशेब केला. साठ फोन, प्रत्येकी तीन मिनिटे, म्हणजे तासाला १८० मिनिटांचे काम. एक ऑपरेटर तासात ६० मिनिटे काम करतो. १८० भागिले ६०, उत्तर तीन. "तिघे पुरावेत," मी म्हणालो. बाई नुसत्या हसल्या. घरी येऊन कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा त्यांच्या हसण्याचा अर्थ कळला. माझे उत्तर साफ चुकले होते. ते कुठे चुकले, हेच आज आपण पाहू या.

तिघे का पुरत नाहीत?

सरासरीने मिनिटाला एक फोन येतो, याचा अर्थ दर मिनिटाला घड्याळ लावून एकेक फोन येतो असा नव्हे. संकटे वेळापत्रक पाहून येत नाहीत. कधी दोन-तीन मिनिटे सगळे शांत असते आणि मग एकाच मिनिटात तीन घंट्या खणखणतात. तुम्ही म्हणाल, शांत मिनिटे आणि गर्दीची मिनिटे यांची फिटंफाट होईलच की! इथेच सारी मेख आहे. रिकामे गेलेले मिनिट साठवून ठेवता येत नाही, परंतु न उचललेला फोन मात्र साचून राहतो. दुपारी चार वाजता ऑपरेटर पाच मिनिटे मोकळा होता, म्हणून सव्वाचारच्या गर्दीत त्याला दोन तोंडांनी बोलता येत नाही. त्यामुळे तोटा साचत जातो, नफा मात्र वाहून जातो.

हे नुसते वाचू नका, करून पाहा. सहा फासे, मूठभर चिंचोके आणि एक कागद घ्या. कागदावर तीन चौकोन काढा. हे तीन ऑपरेटर. सहाही फासे एकदम फेका. ही एक फेक म्हणजे एक मिनिट. जितक्या फाशांवर सहाचे दान पडेल तितके नवे फोन त्या मिनिटाला आले असे समजा. प्रत्येक फाशावर सहा पडण्याची संभाव्यता एक षष्ठांश, फासे सहा, म्हणून सरासरी फोन मिनिटाला बरोबर एक. प्रत्येक नव्या फोनासाठी एक चिंचोका मोकळ्या चौकोनात ठेवा आणि तीन फेकी झाल्यावर उचला. चौकोन मोकळा नसेल तर चिंचोका बाहेर रांगेत ठेवा. अशा साठ फेकी करा, म्हणजे एक तास होईल.

शेकडा सुमारे ३३ फेकींत एकही सहा पडणार नाही. उलट तीन किंवा अधिक सहा एकदम पडणे शेकडा सहा वेळा, म्हणजे तासाला तीन-चार वेळा तरी घडेल. तीन चौकोनांनिशी रांग हळूहळू लांबत जाते. मधूनच ती आटते, तुम्हाला हुरूप येतो आणि ती पुन्हा वाढू लागते. आता एक चौकोन वाढवून चार करा, मग पाच, मग सहा, आणि प्रत्येक वेळी साठ फेकींत रांगेत किती चिंचोके किती मिनिटे थांबले ते मांडून ठेवा. चार विद्यार्थ्यांचा एकेक गट करून वर्गात हा प्रयोग केला तर एका तासिकेत उरकतो. (शिक्षकांसाठी एक सूचना: आपल्या खेळात प्रत्येक फोन नेमका तीन मिनिटांचा आहे. प्रत्यक्षात कोणी अर्ध्या मिनिटात आटोपतो, कोणी आठ मिनिटे बोलतो. या कमी-अधिकपणामुळे खरी रांग चिंचोक्यांच्या रांगेहून लांब असते.)

कोपनहेगनचा शिक्षक

या गोष्टीचे गणित प्रथम मांडले ते डेन्मार्कच्या आग्नर क्राऱुप एर्लांग या गृहस्थाने. त्याचा जन्म १८७८ सालचा. काही वर्षे शाळामास्तरकी केल्यावर १९०८ साली तो कोपनहेगन टेलिफोन कंपनीत नोकरीला लागला. त्या काळी फोन जोडण्याचे काम हाताने होई. किती तारा टाकाव्यात आणि किती ऑपरेटर बसवावेत, हा कंपनीपुढे रोजचा प्रश्न होता. जास्त घ्यावेत तर पैसा वाया, कमी घ्यावेत तर गिऱ्हाईक खोळंबते. एर्लांगने १९०९ मध्ये दाखवून दिले की स्वतंत्रपणे येणारे फोन संभाव्यतेच्या एका ठरावीक नियमाने येतात. १९१७ मध्ये त्याने अशी सूत्रे प्रसिद्ध केली की त्यांवरून किती जणांना थांबावे लागेल आणि किती वेळ, हे काढता येते. तो १९२९ मध्ये वारला. पुढे १९४६ साली दूरध्वनीवरील भाराच्या एककालाच 'एर्लांग' हे नाव देण्यात आले. मी काढलेले उत्तर तीन होते ना? ते माणसांचे नव्हतेच. ते होते भाराचे, तीन एर्लांग. भार आणि तो पेलणारी माणसे यांची मी गल्लत केली होती.

एर्लांगचे पूर्ण सूत्र लांबलचक आहे. एकच ऑपरेटर असेल तर मात्र ते अगदी सुटसुटीत होते. ऑपरेटर आपल्या वेळेचा जेवढा भाग कामात असतो त्याला भ म्हणू या. एका फोनचा सरासरी वेळ क. मग

सरासरी प्रतीक्षा = क × भ ÷ (१ − भ)

आता भ ला निरनिराळ्या किमती देऊन पाहा. ऑपरेटर निम्मा वेळ कामात असेल (भ = ०·५) तर प्रतीक्षा क इतकी. भ = ०·८ केला तर ती चौपट, ०·९ ला नऊपट आणि ०·९९ ला नव्व्याण्णवपट! भ ची किंमत १ झाली की छेद शून्य होतो, आणि शून्याने भागू नये हे तुम्हाला सातवीतच सांगितलेले आहे. आलेखाच्या कागदावर ही वक्ररेषा अवश्य काढा. ती बराच वेळ जमिनीलगत चालते आणि शेवटी भिंतीसारखी ताठ उभी राहते. कार्यक्षमता वाढवायची म्हणून ऑपरेटरांना शंभर टक्के कामात गुंतवू पाहणारा अधिकारी या भिंतीवर जाऊन आदळतो.

आता आपल्या साठ फोनांकडे वळू. भार ३ एर्लांग आहे. एर्लांगच्या सूत्राने मी काढलेली उत्तरे अशी आहेत. चार ऑपरेटर असतील तर शंभरातील ५१ जणांना थांबावे लागते, आणि सर्वांची मिळून सरासरी प्रतीक्षा ९२ सेकंद होते. ही सरासरी फसवी आहे, कारण तिच्यात न थांबावे लागलेलेही आले. ज्यांच्यावर थांबण्याची पाळी येते त्यांना सरासरीने पुरी तीन मिनिटे थांबावे लागते. घरात आग लागलेली असताना तीन मिनिटे घंटा ऐकत उभे राहा, म्हणजे हा काळ किती मोठा ते कळेल. पाच ऑपरेटर असतील तर शंभरात २४ जण थांबतात आणि सरासरी प्रतीक्षा २१ सेकंदांवर येते. सहा असतील तर थांबणारे १० आणि प्रतीक्षा ६ सेकंद. सात असतील तर थांबणारे जेमतेम चार आणि प्रतीक्षा पावणेदोन सेकंद.

सहा ऑपरेटर आणि तीन एर्लांग भार, म्हणजे कोणत्याही क्षणी सरासरीने तिघे रिकामे! आमच्या विद्यार्थ्याने पाहिले ते अगदी हेच दृश्य. बाईंनी गणित केले नसेल, अनुभवाने त्या तेथेच पोहोचल्या होत्या.

वेगळा क्रमांक कशासाठी?

१० नोव्हेंबर १९३५ रोजी लंडनमधील विम्पोल स्ट्रीटवरच्या एका घराला आग लागली आणि पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. समोर राहणाऱ्या एका गृहस्थाने आगीच्या बंबासाठी फोन केला होता, परंतु वेलबेक दूरध्वनी केंद्रात तो इतर फोनांच्या रांगेत अडकून पडला. त्याने संतापून 'टाइम्स' वर्तमानपत्राला पत्र लिहिले आणि चौकशी सुरू झाली.

दोष ऑपरेटरचा नव्हता. त्या काळी आगीचा फोन असो की मावशीची खुशाली विचारण्याचा, दोन्ही शून्य फिरवून ऑपरेटरकडे जात आणि दोन्हींचा दिवा एकसारखाच लागे. दिव्याकडे पाहून आग कोणती आणि मावशी कोणती, हे कसे ओळखावे? यावर उपाय म्हणून ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा खास क्रमांक सुरू झाला. तो फिरवला की केंद्रात लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे. तो भोंगा इतका कर्कश होता की ऑपरेटर मुलींनी त्यात टेनिसचा चेंडू कोंबून ठेवला, अशी एक गोष्ट सांगतात. गणिताच्या भाषेत सांगायचे तर एका रांगेच्या दोन रांगा झाल्या, आणि तातडीच्या रांगेला अग्रक्रम मिळाला. एकही ऑपरेटर वाढवला नाही तरी संकटातल्या माणसाची प्रतीक्षा एकदम घटते.

९९९ च का, यात थोडे भौतिकशास्त्र आहे. जुन्या तबकडीच्या फोनमध्ये १ फिरवला की विद्युत्प्रवाह एकदा खंडित होई, ९ फिरवला की नऊदा. वाऱ्याने तारा एकमेकींना घासल्या की असे एकेक खंड आपोआपच निर्माण होत. १११ हा क्रमांक ठेवला असता तर वादळी रात्री वाराच बंब मागवत बसला असता! ९९९ चुकून लागणे त्यामानाने फार अवघड. शिवाय ९ चे भोक तबकडीच्या टोकाला, शून्याच्या शेजारी, म्हणून अंधारात किंवा धुरात चाचपूनही सापडे. नाणी टाकून बोलायच्या फोनवरून शून्य फुकट लागत असे, आणि त्याच यंत्रात थोडा फेरफार केला की ९ ही फुकट लागू शकत होता.

आपल्याकडे पोलिसांसाठी १००, अग्निशामक दलासाठी १०१ हे आकडे जुने. १०८ ची रुग्णवाहिका सेवा आंध्र प्रदेशात २००५ साली सुरू झाली आणि महाराष्ट्रात २०१४ साली आली. सर्व मदतीसाठी ११२ हा एकच क्रमांक देशात प्रथम हिमाचल प्रदेशात २०१८ साली सुरू झाला. महाराष्ट्रात तो २०२१ पासून आहे.

तीन लहान की एक मोठे?

११२ ची व्यवस्था करताना महाराष्ट्राने प्रत्येक जिल्ह्यात फोन उचलणारे लोक न बसवता राज्यासाठी एक मुख्य केंद्र नवी मुंबईत आणि दुसरे नागपुरात उभारले. फोन तेथे घेतला जातो, माहिती संगणकावरून त्या त्या जिल्ह्याकडे जाते आणि जिल्ह्यातून गाडी सुटते. चंद्रपूरच्या माणसाचा फोन नवी मुंबईने का घ्यावा, असे तुम्हाला वाटेल. याचेही उत्तर एर्लांगकडे आहे.

समजा, तीन शहरे आहेत आणि प्रत्येकाचा भार ३ एर्लांग. प्रत्येकी सहाप्रमाणे अठरा ऑपरेटर लागतील. आता तिन्हींचे मिळून एकच केंद्र करा. भार ९ एर्लांग होईल. सूत्राने हिशेब केला तर येथे १४ ऑपरेटर पुरतात, आणि तरीही थांबणारे शंभरात नऊच, सरासरी प्रतीक्षा सहाऐवजी ३ सेकंद! चार माणसे वाचली आणि सेवाही सुधारली. जादू कशाची? एका शहरात गर्दी उसळते त्याच मिनिटाला दुसऱ्या शहराचे ऑपरेटर बहुधा रिकामे असतात. वेगवेगळ्या खोल्यांत बसून ते एकमेकांच्या उपयोगी पडत नाहीत, एका खोलीत पडतात.

आणि चार खुर्च्या म्हणजे चार माणसे नव्हेत. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो, त्यातून रजा, आजारपण, प्रशिक्षण यांसाठी पाचवा हिस्सा वजा करा, उरले सुमारे ३८ तास. १६८ ला ३८ ने भागले की कळते, एक खुर्ची अहोरात्र भरलेली ठेवण्यास साडेचार माणसे लागतात. चार खुर्च्या वाचल्या म्हणजे अठराएक पगार वाचले.

तरीही मला हा सौदा सोळा आणे फायद्याचा वाटत नाही. "मारुतीच्या देवळामागे, वडाच्या झाडाजवळ लवकर या!" असा फोन आला तर गावचा ऑपरेटर लगेच समजेल. दूरच्या ऑपरेटरने काय करावे? महाराष्ट्रात मारुतीचे देऊळ नाही आणि त्याच्या आसपास वड-पिंपळ नाही, असे गाव दाखवा! फोनवरून ठिकाण ओळखणारी यंत्रणा मदतीला असते, पण तिचाही अंदाज कधी शे-दोनशे मीटरने, कधी त्याहून अधिक चुकतो. दुसरे असे की सगळी अंडी एका टोपलीत ठेवली, तर ती टोपली पडू नये याची काळजी घ्यावी लागते. एकाच्या जोडीला दुसरे केंद्र हवे ते यासाठीच.

कर्ण्याची शिट्टी

आतापर्यंतच्या हिशेबात आपण एक गोष्ट मुकाट्याने गृहीत धरली आहे. प्रत्येक फोन स्वतंत्र आहे, एका फोनामुळे दुसरा येत नाही. हे गृहीतक कोसळले की काय होते, त्याचे उदाहरण लंडनमध्येच घडले.

लंडनच्या रुग्णवाहिका सेवेकडे १९९२ साली सुमारे ६०० चौरस मैलांचा, म्हणजे साडेपंधराशे चौरस किलोमीटरचा मुलूख आणि ६८ लाख वस्ती होती. दिवसाला दोन ते अडीच हजार फोन येत. काम कागदावर चाले. फोन घेणारा छापील तक्त्यावर माहिती लिही, नकाशाच्या पुस्तकातून जागा हुडकी आणि तक्ता सरकत्या पट्ट्यावर टाकी. पलीकडे एक जण तक्ते गोळा करून एकाच घटनेचे दोन-दोन फोन वेगळे काढी आणि तीन विभागांपैकी योग्य त्या विभागाच्या माणसाला देई. तो गाडी ठरवी. तीन मिनिटांत गाडीला हुकूम सुटावा, असे उद्दिष्ट होते.

२६ ऑक्टोबर १९९२ रोजी हे सारे नव्या संगणक-यंत्रणेवर सोपवण्यात आले. तीन विभाग मोडून सबंध लंडन एक झाले. (वर पाहिलेला फायदा इथेही डोळ्यांपुढे असणारच!) कोणती गाडी कोठे आहे आणि मोकळी आहे की नाही, हे संगणकाला जवळजवळ अचूक कळेल, या भरवशावर यंत्रणा उभी होती. प्रत्यक्षात बिनतारी संदेश अर्धवट पोहोचू लागले, काही गाड्यांची स्थिती चुकीची नोंदली गेली. मग एका ठिकाणी दोन गाड्या जाऊ लागल्या, दुसरीकडे एकही नाही. जुळेना की संगणक इशारा देई. इशारे इतके झाले की जुने पडद्यावरून वर सरकून दिसेनासे होऊ लागले. आणि गाडी आली नाही म्हणून लोक पुन्हा फोन करू लागले.

गणेशोत्सवात मांडवातला कर्णा एकाएकी किंचाळतो, ते तुम्ही ऐकले आहे. कर्ण्याचा आवाज ध्वनिक्षेपकात शिरतो, मोठा होऊन कर्ण्यातून बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. कारणाचे कार्य आणि कार्याचेच पुन्हा कारण. भौतिकशास्त्रात याला धन पुनर्भरण म्हणतात. लंडनमध्ये तेच घडले. उशीर झाला म्हणून पुन्हा फोन, पुन्हा फोन आले म्हणून आणखी उशीर. त्या दिवशी फोन फार आले हे खरे, पण त्यांतले पुष्कळसे या उशिराचीच पिल्ले होती, असे पुढे चौकशीत दिसून आले.

आपल्या आकड्यांत पाहा. चार ऑपरेटर, तासाला साठ फोन, रांग आहे पण आवरते आहे. थांबून कंटाळलेल्यांपैकी तासाला वीस जणांनी पुन्हा फोन केला. फोन झाले ८०, भार झाला ४ एर्लांग, ऑपरेटरही चारच. आपण भिंतीला टेकलो! शहरात एकही नवा अपघात न घडता केंद्र बुडाले.

२७ ऑक्टोबरच्या दुपारी लंडनच्या अधिकाऱ्यांनी अर्धी माघार घेतली. फोन संगणकावर घ्यायचे, माहिती छापून काढायची आणि गाडी माणसाने ठरवायची. गाडे रुळावर आले. पण ४ नोव्हेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास संगणक पुरता बंद पडला. कारण क्षुल्लक होते. दर खेपेला गाडी रवाना करताना संगणक स्मृतीचा एक लहानसा तुकडा वापरी आणि तो परत करायचा विसरे. तीन आठवड्यांत थेंबे थेंबे सारी स्मृती संपली. राखीव संगणकाने काम हाती घ्यायला हवे होते, ते त्याने घेतले नाही. मग ऑपरेटरांनी पुन्हा कागद आणि पेन्सिल काढली. नवी यंत्रणा पुढे १९९६ मध्ये आली.

अशा वेळी पर्यवेक्षक काय करतो? नवी माणसे तर तो तासाभरात आणू शकत नाही. पण त्याच्या हाती दोन किल्ल्या असतात. पहिली किल्ली क ची. साठ फोन आणि चार ऑपरेटर असताना प्रत्येक संभाषण तीनऐवजी दोन मिनिटांत आटोपले, तर भार ३ वरून २ वर येतो आणि प्रतीक्षा ९२ सेकंदांवरून एकदम १० सेकंदांवर! म्हणून ऑपरेटरला प्रश्नांचा क्रम पाठ करून घेतात. पहिला प्रश्न 'कुठे?' हा. फोन मध्येच तुटला तरी गाडी कुठे न्यायची ते कळलेले असते. 'काय झाले?' हा त्यानंतर. बाईंच्या कक्षात हा क्रम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेला मी पाहिला.

दुसरी किल्ली पुनर्भरण तोडण्याची. एका मोठ्या अपघाताचे तीस जण तीस फोन करतात. नकाशावर एकाच जागी ठिपके दाटू लागले की पर्यवेक्षक सर्वांना ओरडून सांगतो, "पुलावरचा अपघात कळला आहे, गाडी निघाली आहे, तेवढे सांगून फोन ठेवा!" तीन मिनिटांचा फोन वीस सेकंदांत संपतो, आणि गाडी निघाल्याचे कळलेला माणूस सहसा पुन्हा फोन करत नाही. यात एक धोका मात्र आहे. त्या तीस फोनांत एखादा दुसऱ्याच अपघाताचा असू शकतो. म्हणून 'कुठे?' हा प्रश्न त्या वीस सेकंदांतही गाळायचा नसतो.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. एका लहान गावाच्या केंद्रात रात्रपाळीला एकच ऑपरेटर आहे. तासाला सहा फोन येतात, प्रत्येकी सरासरी तीन मिनिटांचे. वर दिलेल्या सूत्राने सरासरी प्रतीक्षा काढा. जत्रेच्या रात्री फोन दुप्पट, म्हणजे बारा झाले, तर ती किती होईल? (उत्तरे: सुमारे ७७ सेकंद, २७० सेकंद.) फोन दुप्पट झाले, प्रतीक्षा मात्र साडेतीनपट का झाली, ते आपण काढलेल्या आलेखावर बोट ठेवून मित्राला समजावून सांगा. त्या एका रात्रीपुरता दुसरा ऑपरेटर बसवला तर हीच प्रतीक्षा २७० वरून १८ सेकंदांवर येते, आणि दोघेही रात्रीचा बहुतेक वेळ रिकामे बसलेले दिसतात.